मामाची दवा

आमगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुंता,
अनेक आशीर्वाद.

लीलाधर गुरुजी रोज सकाळच्या गाडीनं तुमच्या सालेकशाच्या शाळेत शिकवायला जातात, त्यांच्या हाती हे पत्र देतो आहे. तू फोन करतेस, पण माझ्या कानात तुझा आवाज धानाच्या मिलसारखा घरघरतो. मी नुसता ‘हो हो’ म्हणतो. मागच्या वेळी कशाला हो म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

तुझी वहिनी गेल्यापासून हे घर मुकं झालं होतं. तिलक नागपूरला नोकरीत, पंधरा-वीस दिवसांनी एखादा रविवार येतो. घरात मी आणि सूनबाई. भूमेश्वरी पोर कामाची आहे, पण सासऱ्याशी किती बोलणार? डोक्यावर पदर घेऊन ‘मामाजी, चहा’, ‘मामाजी, जेवण’, एवढंच. मग तिनं घरामागच्या सांदवाडीत, आंब्याखाली, खुराडं केलं, कोंबड्या आणल्या, आणि घराला पुन्हा आवाज आला. मला तर शाळेतला कवितेचा तास आठवतो. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि तू शेवटच्या शब्दाला सगळ्यांच्या पुढे धावायचीस. परवा दोन ओळी मलाही सुचल्या:

खुराड्यातली पहाट माझी पिवळ्या पायांनी येते,
तांदळाच्या कणीकणीला मोत्याचे मोल देते.

हसू नकोस. पुढचं ऐकशील तर हसणारही नाहीस.

धान कापणं झालं आणि बांधावरचे सगळे उंदीर घराकडे आले. आधी खुराड्याखाली माती उकरलेली दिसली. मग दोन पिल्लं गेली. आणि काल सकाळी खुराड्याचं दार उघडलं. शेंदरी नावाची कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिच्या पाठीची कातडी कुरतडून नेलेली. आतलं मांस उघडं. आणि कुंता, ती तशीच बसून होती. अंडी सोडून उठली नाही! ती ओरडली असेल का? ओरडली असेल तर ऐकायला जवळ मीच होतो, म्हणजे कोणीच नव्हतं.

सूनबाईनं जखमेत हळद भरली. म्हणाली, “मामाजी, यायचा बंदोबस्त करा लागते.” मी म्हटलं, बंदोबस्त कर, पण विष नाही. ज्यानं कोणाचाही जीव जाईल अशी वस्तू या घरात येणार नाही. ती ‘बरं’ म्हणाली.

तुमच्याकडे काय करतात ते कळव.

तुझा,
मोहनदादा

---

सालेकसा,
१४ नोव्हेंबर २०२४

दादा,
नमस्कार.

पत्र वाचलं. कवितेच्या ओळी सुनेला ऐकवल्यास का? नको ऐकवू. कोंबडीची पाठ फाटली आहे आणि हा मोत्याचे मोल करतो आहे.

आता कामाचं ऐक. खुराडं जमिनीला टेकलेलं असेल तर ते वर उचलायला सांग, चार खांबांवर, मांडीएवढं उंच. खांबांना पत्रा गुंडाळा, पत्र्यावर उंदरांची नखं टिकत नाहीत. धानाच्या तणसाचा ढीग शेजारी असेल तर आजच हलवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, संध्याकाळी खुराड्याजवळ एक दाणा राहता कामा नये. उरलंसुरलं अन्न तर मुळीच नाही. अन्न पडलं की ते गावभरचे सोयरे घेऊन येतात.

विष नको म्हणालास, ते तुझं तू जाण. आमच्याकडे टाकतात बाबा.

आणि सुनेचं कौतुक पुरे. वहिनी होती तेव्हा तुझ्या ताटाला किती प्रकार असायचे ते मी पाहिलं आहे. मागच्या वेळी आले तेव्हा तुझ्यापुढे वरणभात आणि अंबाडीची भाजी होती, बस. तू बोलत नाहीस, पण बहिणीला दिसतं.

कुंता

---

आमगाव,
१९ नोव्हेंबर २०२४

कुंता,

हे पत्र वाचून फाडून टाक.

खुराडं उचलण्याचं मी सूनबाईला सांगणारच होतो. काल दुपारी जेवून ओसरीवर पडलो होतो. ती आत माहेरी फोनवर बोलत होती. मला ‘चहा’, ‘जेवण’ ओरडून सांगून सांगून तिला मोठ्यानं बोलण्याची सवय लागली आहे, त्यामुळे जे कुजबुजायचं तेही आता माझ्यापर्यंत येतं. ऐकलं ते जसंच्या तसं लिहितो:

“आई, मामाचा लय तरास वाढला वं. रातभर खुडबुड, खुडबुड. झोप नाही लागू देत. काही झाकून ठेवा, त्याले पुरतच नाही. आता दवाच देतो म्हणतो. कणकीत कालवून, वरून गूळ. मामा गोडाले लय भाळते.”

पलीकडून तिची आई काही बोलली. त्यावर ही म्हणाली, “नाही वं, घरात कोणालेच नाही सांगतलं. तिलकलेही नाही. चूपचाप निपटवून टाकतो.” आणि मग हसून, “हळू बोल, मामाचे कान लय तिखट राहते!”

कुंता! रात्रभर खोकत फिरतो तो मी. गोडाचा हावरा मी. कान तिखट, हा टोमणाही मलाच. समोर ‘मामाजी, मामाजी’, आणि पाठीमागे ‘जी’सुद्धा काढून टाकला! आणि दवा! आपल्याकडे दवा दिली म्हणजे काय, हे मी तुला सांगायला हवं का? उंदरांना विष नको म्हणालो, म्हणून ते माझ्यासाठी आणते आहे?

मी तसाच डोळे मिटून पडून राहिलो. चार वाजता ती आली आणि म्हणाली, “मामाजी, चहा.” पदर नीट, नजर खाली, रोजच्यासारखीच. तो चहा मी तुळशीत ओतला.

घरात शिजतं ते आता खात नाही. ताट ती ओसरीवर ठेवून आत जाते, सासऱ्यासमोर थांबत नाही. ती वळली की मी ताट खुराड्यामागे, कुंपणाच्या कडेला रिकामं करतो आणि बोटांनी पुसून परत ठेवतो. दिवसभर मुरमुरे खातो.

तिला विचारू का? कसं विचारू? सासऱ्यानं सुनेला काय म्हणून विचारायचं, की मला मारणार आहेस का?

दादा

---

सालेकसा,
२० नोव्हेंबर २०२४

दादा,

गुरुजींनी पत्र दिलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप हातातून पडलं.

तुला कमी ऐकू येतं, चुकीचं ऐकलंस असं म्हणावं तर एवढं सगळं तू मनानं रचणार नाहीस. कविता रचशील, हे नाही. आणि मला तर पहिल्यापासून त्या पोरीचं गप्प राहणं आवडत नव्हतं. गप्प माणूस पोटात काय ठेवतो, कोणाला दिसतं?

तू तिला एक अक्षर विचारू नको. विचारलंस तर सावध होईल. पाणीसुद्धा स्वतः भरून घे. मी तिलकला फोन करते आहे. मुलगा आहे, त्याची बायको आहे, त्यानं निस्तरावं. आणि तू कपडे भरून ठेव, तुला इकडेच घेऊन येते. माझ्या घरी तुला कोणी दवा देणार नाही.

कुंता

---

आमगाव,
२३ नोव्हेंबर २०२४

कुंता,

आता शंका उरली नाही. पुरावा मिळाला. वाटतं की मिळाला नसता तर बरं झालं असतं.

काल रात्रीचं ताट नेहमीसारखं खुराड्यामागे रिकामं केलं होतं. भात, लाखोळीची डाळ, आणि गुळाचा शिराही होता. शिरा! कुठला सण नाही, वार नाही. आज सकाळी तिथे गेलो. दोन मोठे उंदीर मरून पडले होते, एकाचं तोंड माझ्या भाताच्या शितांवर. ते माझं ताट होतं, कुंता. तिथे मी पडलेला असतो.

मी त्यांच्यावर राख लोटत होतो, तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली. तिनं ते पाहिले, आणि ती हसली! हसत म्हणाली, “निपटले का मामाजी!” ‘मामाजी निपटले का’ असंच मला ऐकू आलं.

मग दुपारी तिचा फोन वाजला. नागपूरहून तिलक असावा. ती सुरुवातीला मोठ्यानं हसली. मग एकदम गप्प झाली. नंतर दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदा, डोक्यावरचा पदर खाली आलेला असताना, सरळ माझ्या डोळ्यांत पाहत राहिली. मीच नजर खाली घातली. गुन्हेगार ती आणि नजर मी खाली घातली, हे काय झालं?

कपडे भरून ठेवले आहेत. लवकर ये.

दादा

---

२४ नोव्हेंबर

ती. मामाजींना नमस्कार.

तुमाले ऐकू नाही येत म्हणून लिहून राहिली. ओरडून सांगण्यासारखं हे नाही, शेजारी ऐकतील.

तिलक फोनवर म्हणाला, “तू बाबाले दवा देऊन राहिली का?” मी पहिले हासली. मंग समजलं का तो हासून नाही राहिला.

मामाजी, आमच्या देवरीकडे खुराड्याजवळ अन धानाच्या कोठीजवळ त्याचं नाव नाही घेत. नाव घेतलं का तो ऐकते अन बदला म्हणून घरातले कपडे कुरतडते, असं म्हणते. म्हणून सगळे त्याले ‘मामा’ म्हणते. लहानपणापासून मीही म्हणतो. त्याचेच कान तिखट, तोच गोडाले भाळते, तोच रातभर खुडबुड करते. तुमाले मी मामाजी म्हणतो, त्याले मामा. दोन्ही एका घरात असून मले कधी वाटलंच नाही का हे एकासारखं ऐकू येईल.

तुम्ही विष नको म्हणाले होते. पण शेंदरीची पाठ माह्यानं पाहवत नव्हती. म्हणून तुमच्यापासून लपवून दवा आणली. एवढी चूक माही आहे.

दवेच्या गोळ्या मी खुराड्यामागच्या फळीखाली ठेवत होती. चार दिवस ते शिवतच नव्हते. मी विचार करत होती का काऊन नाही खाऊन राहिले. तिलकनं ताटाचं सांगतलं तवा समजलं. त्यायले रोज ताजं ताट भेटत होतं.

अन मी रोज तुमचं ताट पुसल्यासारखं साफ पाहो अन खुश होवो, का मामाजी आता पोटभर जेवून राहिले. म्हणून परवा शिरा केला.

तुमाले शक आला, त्याचं एवढं नाही लागलं. पण तुम्ही कुंताआत्याले लिहिलं, आत्यानं तिलकले सांगतलं, तिलकनं मले दटावलं. सगळ्यायनं सगळ्यायले विचारलं. मले कोणी नाही विचारलं.

मी देवरीच्या बसनं माहेरी जाऊन राहिली. फळीखालच्या गोळ्या उचलून खोल पुरून टाका, हाताले पिशवी बांधा. मेलेले राखेत नका ठेवू, कुत्रं उकरते, तेही पुरा. शेंदरीले हळद सकाळ-संध्याकाळ.

ताट झाकून ठेवलं आहे. खा अथवा नका खाऊ.

भूमेश्वरी

---

आमगाव,
२५ नोव्हेंबर २०२४

कुंता,

यायची गरज नाही. सूनबाईचं पत्र सोबत जोडतो आहे, तूच वाच. झाकलेल्या ताटाखाली होतं.

मी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग खुराड्यामागे गेलो. फळी उचलली. खाली कणकीच्या गोळ्या होत्या, गुळानं काळसर झालेल्या. म्हणजे शब्द न् शब्द खरा. मी तिथेच मातीत बसून राहिलो. शेजारचा बकाराम कुंपणापलीकडून ओरडला, “काय झालं गा मोहनलाल? साप निघाला का?” मी मान हलवली.

बालवर्गातल्या पोरालाही उंदीरमामा माहीत असतो. आपण दोघांनी बाकावर उभं राहून ती गाणी म्हटली आहेत. एवढ्या कविता पाठ असणाऱ्या माणसाला आपल्याच घरातला एक शब्द कळू नये?

पण शब्दाला दोष देऊन मी सुटत नाही. ‘मले कोणी नाही विचारलं’, हे वाक्य उठता-बसता कानात वाजतं, आणि ते ऐकायला मला कान लागत नाहीत. ही पोर या घरात आली तेव्हापासून माझ्या ताटाची काळजी करते, आणि मी ते ताट उंदरांपुढे ओतून तिला स्वच्छ पुसलेलं परत देत होतो.

झाकलेलं जेवण मी खाल्लं. सगळं. गार झालं होतं.

ती परत येईल का, कुंता? न आली तर तिलकचं घर माझ्यामुळे मोडलं असं होईल. मला काही सुचत नाही.

दादा

---

सालेकसा,
२६ नोव्हेंबर २०२४

दादा,

दोन्ही पत्रं वाचली. काय तोंडानं लिहू? तुला नुसती शंका होती, तिला आग मी लावली. तिच्या वरणभातालाही नावं ठेवली. तिलकला रात्री फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आत्या, आता मी तिले कोणत्या तोंडानं फोन करू?” मी म्हटलं, त्याच तोंडानं, ज्यानं आधी केला होतास.

पण ती फोन उचलत नाही.

तू जा, दादा. मला सोबत नेऊ नको, माझं तोंड पाहून तिचा राग वाढेल. पत्र लिहून पाठवशील तर खबरदार. तोंडानं बोल. ऐकू येत नाही तुला, बोलता तर येतं ना?

कुंता

---

देवरी,
२८ नोव्हेंबर २०२४

कुंता,

आलो. काल दुपारी बसमधून उतरलो. तिच्या वडिलांना, शालीकरामजींना, काय सांगायचं याची वाक्यं वाटेत पाठ करत होतो. ते मला अंगणात पाहून धावत आले. “या, या, समधीजी! कळवलं असतं तर स्टँडवर घ्यायला आलो असतो! पोरगी म्हणते, खुराड्यासाठी जाळी अन पत्रे न्यायले आली. पत्रे न्यायले तुम्हीही आले का?”

तिनं घरी काहीही सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, जिच्याशी फोनवर बोलली होती. आपली लाज तिनं एकटीनं गिळून ठेवली होती.

ती स्वयंपाकघराच्या दारातून मला पाहून आत गेली. मी उठून मागे जाणार, तेवढ्यात शालीकरामजींनी हात धरून पाटावर बसवलं. आधी जेवण, मग बोलणं. ताट घेऊन भूमेश्वरीच आली. माझ्यासमोर ताट ठेवलं, आणि परत फिरायचं सोडून तिथेच बसली. माझ्या ताटातला भात तिनं भाजीशी कालवला, एक घास घेतला, आणि माझ्याकडे पाहत सावकाश चावून गिळला.

तिची आई किंचाळलीच. “अवं! वेडी झाली का? मामाजीच्या ताटात हात घालते? ताट उष्टं केलं! आण, दुसरं वाढतो!”

शालीकरामजींचा चेहरा पांढरा पडला. त्या घरात त्या क्षणी फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, तिनं काय केलं आणि का केलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. विष नाही, हे तिला मला असं दाखवावं लागलं.

आईनं ताटाला हात घातला. मी ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आपल्या घरात सासऱ्यानं सुनेचं उष्टं खाल्ल्याचं तू कधी ऐकलं आहेस का, कुंता? मी खाल्लं. तिनं जिथून घास घेतला होता तिथूनच पुढचा घेतला.

आणि भाजी कमालीची खारट होती. डोळ्यांत पाणी यावं इतकी. सवयीनं गप्प राहून गिळणार होतो. सासऱ्यानं व्याह्याच्या घरी चव काढू नये. पण ती समोर बसून होती, नजर न हलवता. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. बहिऱ्या माणसाचा आवाज तुला माहीत आहे, शेजारच्या घरात गेला असेल. मी म्हटलं, “सूनबाई, भाजीत मीठ फार झालं आहे. आणि माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं.”

तिचे आईवडील एकमेकांकडे पाहू लागले, मिठाच्या गोष्टीला समधीजी एवढे का गहिवरले म्हणून.

भूमेश्वरी माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “मीठ मुद्दामच टाकलं, मामाजी. म्हटलं पाहू, मले सांगते का सालेकशाले लिहिते.”

मग उठून आत गेली आणि बिनखारट भाजी घेऊन आली. दोन भाज्या केल्या होत्या!

उद्या सकाळी आम्ही दोघं पत्रे आणि जाळी घेऊन निघतो. तिलकशीही ती फोनवर बोलली, काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलं नाही, तो त्यांचा प्रश्न. हे पत्र पाकिटात घालण्याआधी तिच्याच हातात दिलं. तिनं सगळं वाचलं आणि भाजी डोळ्यांत पाणी यावं इतकी खारट नव्हती म्हणाली. मी म्हटलं, होती. ती म्हणाली, नव्हती. आमचं यावरून भांडण चालू आहे, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
मोहनदादा